कोर्टात ठरलं, पण समोरचा पाळत नाही: मुलांच्या भेटीचा करार मोडला जातो तेव्हा

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, कोर्टाला दिवाळीची सुट्टी असताना, माझे एक अशील स्टीलचा डबा घेऊन थेट घरीच आले. डब्यात चकल्या होत्या. मुलीसाठी आईकडून मुद्दाम करून घेतलेल्या. आदल्या दिवशी सकाळी साडेदहापासून दुपारी दोनपर्यंत ते पूर्वीच्या बायकोच्या सोसायटीच्या गेटवर उभे होते. वॉचमननं तीनदा इंटरकॉम लावला आणि शेवटी तोच ओशाळून म्हणाला, "साहेब, वर कोणी उचलत नाहीये." डबा तसाच परत आला. त्यातल्या चार चकल्या मला खायला लावून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं: "मॅडम, कंटेम्प्ट टाका." म्हणजे कोर्टाच्या अवमानाचा अर्ज.

मी विचारलं, ऑर्डर आणलीय का? त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. कन्सेंट टर्म्सचं, म्हणजे दोघांनी संमतीनं ठरवून कोर्टात दिलेल्या अटींचं, सहावं कलम: "मुलीचा ताबा आईकडे राहील. वडील परस्पर सोयीने मुलीस भेटू शकतील." बस, एवढंच. आता परस्पर सोय जमत असती तर घटस्फोट कशाला झाला असता?

मी फॅमिली कोर्टात वकिली करते. अशी माणसं दर महिन्याला समोर बसतात. कधी बाप, कधी आई. सगळ्यांचा राग खरा असतो आणि सगळ्यांच्या हातातला कागद कच्चा असतो. पहिल्यांदाच या चक्रात अडकलेल्यांनी कुठून सुरुवात करायची ते सांगते. मुख्यतः हिंदू विवाह कायदा आणि महाराष्ट्रातली कोर्टं डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय. तुमचं लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखालचं असेल किंवा तुमचा व्यक्तिगत कायदा वेगळा असेल, तर कलमांचे आकडे बदलतील, वाट साधारण तीच राहील.

आधी कागद हातात घ्या

मोबाइलमधला फोटो चालत नाही. ज्या कोर्टात निकाल झाला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून हुकूमनाम्याची (डिक्रीची) आणि कन्सेंट टर्म्सची सही-शिक्क्याची नक्कल काढा. पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागणार आहे. केस नंबर विसरला असाल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावानं शोधता येतो.

नक्कल मिळाली की एकच गोष्ट तपासा: तुमचा करार हुकूमनाम्याचा भाग आहे का? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली संमतीनं घटस्फोट होतो तेव्हा कन्सेंट टर्म्स बहुधा कोर्टात दाखल होतात आणि निकालात "कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याचा भाग राहतील" अशा अर्थाचं वाक्य येतं. हे वाक्य असेल तर तुमच्या हातात कोर्टाचा आदेश आहे. नसेल, किंवा मुलांचं सगळं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून वेगळं ठरवलं असेल, तर तो दोन माणसांमधला करार झाला. पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो, पण त्याची थेट अंमलबजावणी मागता येत नाही. अशा वेळी आधी कोर्टाकडून आदेश घ्यावा लागतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ त्यासाठीच आहे. घटस्फोट होऊन गेल्यावरही त्याखाली मुलांचा ताबा, संगोपन आणि शिक्षण यांबद्दल अर्ज करता येतो.

मग कलमं वाचा. पिवळा हायलायटर घ्या आणि जिथे वार, वेळ, ठिकाण किंवा रक्कम आहे तेवढ्याच शब्दांना रंग लावा. पान पांढरंच राहिलं तर तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. माझ्या चकलीवाल्या अशिलांच्या चार पानांवर फक्त पोटगीच्या आकड्याला रंग लागला.

नेमकं काय मोडलं जातंय?

"तो काहीच पाळत नाही" हे कोर्टात चालत नाही. मोडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. मूल भेटीला पाठवत नाहीत हा एक. नेलेलं मूल वेळेवर परत आणून सोडत नाहीत हा दुसरा. पोटगी किंवा शाळेची फी थकवतात हा तिसरा. न विचारता शाळेतून दाखला काढून दुसऱ्या गावाला नेतात हा चौथा. आणि पाचव्याबद्दल फार कमी बोललं जातं: भेटीचा हक्क मागून घेतात आणि नंतर येतच नाहीत.

प्रत्येक चूक म्हणजे मोडतोड नसते, हेही लक्षात घ्या. एका रविवारी मुलाला ताप होता, एकदा परीक्षा होती, एकदा लोकल बंद पडल्या. न्यायाधीश बघतात ते जाणूनबुजून आणि पुन्हा पुन्हा होतंय का. तीन महिन्यांत सहापैकी पाच भेटी बुडाल्या तर त्याला अर्थ आहे. एका भेटीवरून धावत आलात तर तुम्हीच भांडखोर दिसता.

याच वेळी स्वतःची बाजूही तपासा. पोटगीचा हप्ता राहिलाय का? मागच्या मे महिन्यात तुम्हीच मुलाला दोन दिवस उशिरा सोडलं होतं का? समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

वही ठेवा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त वजन याला आहे, आणि लोक सर्वांत जास्त कंटाळा याचाच करतात. साधी दोनशे पानी वही घ्या. त्यात तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष काय झालं आणि तिथे कोण होतं, एवढं त्याच दिवशी लिहा. असं:

"शनिवार, ठरलेली वेळ सकाळी १०. मी ९.५० ला गेटवर. १०.१० ला मेसेज, १०.२५ ला फोन, उचलला नाही. १०.४० ला वॉचमननं इंटरकॉम केला. ११.३० ला उत्तर: 'क्लासला गेलीय.' क्लासचं आधी कळवलं नव्हतं. १२ ला निघालो."

आणि असं लिहू नका: "आज पुन्हा तिनं आपला खरा रंग दाखवला. तिच्या आईची फूस आहे." पहिली नोंद वाचून न्यायाधीश प्रश्न विचारतात. दुसरी वाचून पान उलटतात.

व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका, समोरच्यानं कितीही घाण लिहिलं असलं तरी. स्क्रीनशॉट काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, म्हणजे मधले सोयीचे चार संदेश उचलल्याचा आरोप होत नाही. फोन बदललात तर जुना विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडतात, ते वकील करून देतात. फॅमिली कोर्ट पुराव्याच्या बाबतीत इतर कोर्टांपेक्षा सैल आहे. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम १४ सांगतं, की वाद सोडवायला उपयोगी पडेल असा अहवाल, निवेदन किंवा कागद पुराव्याच्या कायद्यात बसो न बसो, कोर्ट तो पाहू शकतं. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलं.

हे वाचून कुणी मुलाचं रेकॉर्डिंग सुरू करू नये. "सांग, आई काय म्हणाली बाबांबद्दल?" असं विचारून सहा वर्षांच्या पोराचा आवाज टिपलेले लोक माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन येतात. मी तो परत देते. ज्या न्यायाधीशांसमोर तो वाजेल, त्यांना त्यात समोरच्याचा दोष ऐकू येत नाही; फोन कुणी धरलाय ते दिसतं.

निरोप कसा लिहायचा

वही ही तुमच्यासाठी. निरोप समोरच्यासाठी, आणि उद्या कोर्टासाठी. तो रात्री अकराला लिहू नका. लिहिलात तर पाठवू नका, सकाळी पुन्हा वाचा. त्यात एकच विषय ठेवा. झालेलं, हवं असलेलं, पर्याय आणि उत्तराची मुदत:

"६ तारखेच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे भेट झाली नाही. तिच्या क्लासमुळे शनिवार सकाळ जमत नसेल तर मी संध्याकाळी ४ ते ८ घ्यायला तयार आहे. बुडालेल्या भेटीऐवजी १४ तारखेचा रविवार मिळावा. बुधवारपर्यंत कळवाल का?"

यात सासूबाई नाहीत, जुनी भांडणं नाहीत, "कोर्टात बघून घेईन" नाही. "कळवाल का" आहे. पूर्वी "अगं-तुगं" करणाऱ्याला "अहो-जाहो" लिहिताना हात अडखळतो, पण मी सगळ्यांना हेच सांगते. अंतर ठेवून लिहिलेल्या वाक्यात राग कमी मावतो. भाऊ, मेहुणा, मामा असलेल्या ग्रुपवर हे कधीही टाकू नका. आणि मुलाच्या हाती चिठ्ठी नको, तोंडी निरोप तर नकोच. "आईला सांग पैसे पाठव" हे वाक्य घेऊन मूल दोन घरांत फिरतं तेव्हा त्याची दोन्ही घरं जातात.

उत्तर येणार नाही असं गृहीत धरा. तरी पाठवा. दिवाणी प्रक्रिया संहितेत समोरच्याला आदेश पाळायची संधी होती आणि त्यानं हेतुतः पाळला नाही, हे दाखवावं लागतं. ती संधी दिल्याचा पुरावा म्हणजे हे निरोप.

कोर्टाआधीची एक पायरी

घटस्फोट झाला त्या फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात. अर्ज चालू असेल तर कोर्ट दोघांना त्यांच्याकडे पाठवतं, आणि भेटीची वेळ-जागा असल्या गोष्टी तिथे पुष्कळदा सुटतात. मी दहा वेळा पाहिलंय, की वाद तत्त्वाचा वाटतो आणि निघतो पार्किंगचा: तो गेटसमोर गाडी लावून हॉर्न वाजवतो, सगळी सोसायटी खिडकीत येते, म्हणून ती मूल खाली पाठवत नाही. भेटीची जागा बदलली, प्रश्न मिटला. दोघांचाही शब्द ज्यांच्यासमोर चालतो असं घरचं कुणी उरलं असेल, एखादी आत्या, एखादे शाळेतले सर, तर त्यांनाही विचारून पाहा.

नाही जमलं तर वकिलाची नोटीस. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तरी आमच्या तोंडी अजून "आरपीएडी (पोचपावतीचं रजिस्टर पोस्ट) पाठवली का?" हेच. नोटीस दोन पानांच्या वर नको. बुडालेल्या तारखांचा तक्ता, कलमाचा मजकूर, पंधरा दिवसांची मुदत. पुरे.

कोर्टाचे दरवाजे

आता "कंटेम्प्ट टाका" या वाक्याकडे येऊ. तो दरवाजा आहे, पण शेवटचा.

पहिला दरवाजा दरखास्तीचा. आदेशाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जाला कोर्टाच्या भाषेत दरखास्त म्हणतात. ती ज्या कोर्टानं हुकूमनामा दिला तिथेच दाखल होते. फॅमिली कोर्टाचे आदेश कसे अमलात आणायचे ते त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१, नियम ३२ खाली आदेश न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते किंवा त्याला दिवाणी तुरुंगात ठेवता येतं. प्रत्यक्षात मुलाच्या आईला किंवा बापाला आत टाकायला कुठलंही कोर्ट उत्सुक नसतं. नोटीस बजावली गेली, समोरचा हजर झाला आणि न्यायाधीशांनी "पुढच्या शनिवारी मूल आणायचं" असं रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारखांच्या नोंदीत, लिहिलं, की बरीच प्रकरणं तिथेच रुळावर येतात.

दुसरा दरवाजा आदेश बदलून घेण्याचा, म्हणजे पुन्हा कलम २६. "परस्पर सोयीने" असलं कलम असेल तर दरखास्त करून हाती काय लागणार? न पाळलेली सोय कुठली, ते कोर्टाला कसं कळणार? संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही, पण मुलांबाबतची कलमं गोठलेली नसतात. परिस्थिती बदलली की कोर्ट ती बदलू शकतं. मी बहुतेकांना हाच दरवाजा आधी दाखवते. मागायचं ते असं नेमकं मागा:

"दर महिन्याचा पहिला व तिसरा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६. मूल आईच्या इमारतीच्या तळमजल्यावरून घेणे व तिथेच सोडणे. आजारपणामुळे भेट रद्द झाल्यास आदल्या रात्री ८ पर्यंत मेसेज व डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, आणि बुडालेली भेट पुढच्या शनिवारी. बुधवारी संध्याकाळी ७ ते ७.१५ व्हिडिओ कॉल. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे."

शेवटच्या वाक्यानं दरवर्षीचं एक भांडण कायमचं मिटतं. व्हिडिओ कॉल मागायला संकोचू नका. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय, की ताबा ज्याच्याकडे नाही त्या पालकाला मुलाशी शक्य तितक्या वेळा बोलता यायला हवं आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल हे उत्तम साधन आहे. संबंध अगदीच विकोपाला गेले असतील तर सुरुवातीच्या काही भेटी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत मागा. मोडकी खेळणी आणि बाहेर पुकारे चालू, पण भेट झाल्याची नोंद सरकारी राहते.

तिसरा दरवाजा अवमानाचा. १९७१ च्या अवमान कायद्यात कोर्टाचा आदेश हेतुतः मोडणं आणि कोर्टाला दिलेलं हमीपत्र मोडणं, दोन्ही येतं. कन्सेंट टर्म्समध्ये "आम्ही हमी देतो" अशी भाषा असेल तर ती इथे कामाला येते. खालच्या कोर्टाच्या अवमानाची शिक्षा उच्च न्यायालय देतं, म्हणजे खर्च आणि खेपा वाढल्या. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुदत एक वर्षाची, तेव्हा तीन वर्षांपूर्वीची दिवाळी उकरून उपयोग नाही. आणि न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात, "दरखास्त का केली नाही?"

पैशाची वाट वेगळी. पोटगी थकली असेल तर ती वसुली दरखास्तीनं होते. पोटगीचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा असेल, तर वॉरंट निघू शकतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही. पण या वाटेवर अर्ज हप्ता देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. चौदा महिने "देईल हो, मुलांसाठी तरी देईल" म्हणत थांबलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा या वाटेवरचे पहिले दोन हप्ते हातून गेलेले असतात.

वेळेचं गणितही आधीच करा. कोर्ट मे महिन्यात आणि दिवाळीत सुट्टीवर असतं, आणि नेमक्या त्याच सुट्ट्यांत मुलांच्या लांब भेटी असतात. दिवाळीची भेट हवी असेल तर अर्ज गणपतीच्या आधी. ऑक्टोबर अर्धा संपल्यावर येणाऱ्याला मी चहा पाजू शकते, ऑर्डर नाही.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पुरुषांना महाराष्ट्रात साधारणपणे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. हेल्पलाइन १५१००. तसं तर फॅमिली कोर्टात वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाच्या परवानगीनं उभा राहतो. पुष्कळ लोक स्वतःच बाजू मांडतात. नीट वही ठेवलेला माणूस बरा बोलतो, असा माझा अनुभव आहे, माझ्या पोटावर पाय येत असला तरी.

हे मात्र करू नका

मूल दाखवत नाही म्हणून पोटगी बंद करू नका. पोटगी देत नाही म्हणून मूल अडवू नका. दोन्ही आदेश वेगळे आहेत आणि दोन्ही मुलासाठी आहेत. ही अदलाबदल केलीत की कालपर्यंत समोरच्याची असलेली चूक आज तुमच्याही नावावर लागते.

शाळेच्या गेटवरून मूल परस्पर उचलू नका. कुणीतरी सांगतं, की बापावर अपहरणाचा गुन्हा होतच नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कोर्टाची मनाई नसेल तर जन्मदात्या बापावर असा गुन्हा लागत नाही असं म्हटलं, हे खरं. पण तुमच्या बाबतीत ताब्याचा आदेश झालेला आहे. ते वाक्य तुमच्यासाठी नाही.

पोलीस चौकीत जाऊन काय होतं? बहुधा एनसी (अदखलपात्र नोंद), आणि "हे कोर्टाचं मॅटर आहे" हा सल्ला. मूल मुदतीत परत आणलं नाही आणि कुठे आहे तेच कळत नाही, अशी वेळ असेल तर मात्र थांबू नका. चौकीत लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि त्याच दिवशी वकिलाशी हेबियस कॉर्पसबद्दल, म्हणजे अडकवून ठेवलेल्याला कोर्टासमोर हजर करा असं मागणाऱ्या याचिकेबद्दल, बोला. आदेश तुमच्या बाजूनं असताना मूल अडकवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात ही वाट खुली आहे.

परदेशात नेण्याची शंका असेल तर आणखी आधी हला. मुलं एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, त्यामुळे मूल एकदा विमानात बसलं की परत आणायची वाट लांब होते. कोर्टाच्या परवानगीशिवाय मूल देशाबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट कोर्टात जमा व्हावा, अशी मागणी वेळेत करा. दुबई, न्यू जर्सी, लंडनच्या मराठी कुटुंबांतून येणारे निम्मे फोन या मागणीला उशीर झाल्यावरचे असतात.

मूलच म्हणालं, नाही जायचं, तर?

इथे कायदा कमी आणि कस जास्त लागतो. चार वर्षांचं मूल आईला सोडताना रडतं, ते बालवाडीत जातानाही रडतं. तेरा वर्षांच्या मुलीला शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं असतं. त्यात बापाचा द्वेष शोधू नये. पण नऊ वर्षांचं पोर अचानक "त्यांनी आमचा फ्लॅट हडप केला" असं मोठ्यांच्या भाषेत बोलायला लागलं, तर ते वाक्य कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेलं असतं. मुलाचं मन कलुषित केलं जाण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये लिहिलं, आणि २०२४ मध्ये असंही बजावलं, की नीट तपासल्याशिवाय हा शिक्का कुणावर मारू नका. दोन्ही लक्षात ठेवा. अर्जात "मुलाला भडकवलं आहे" एवढंच न लिहिता न्यायाधीशांनी मुलाशी चेंबरमध्ये बोलावं किंवा समुपदेशकाचा अहवाल मागवावा, अशी विनंती करा.

आणि मुलानं खरंच घाबरवणारं काही सांगितलं, मारहाण, नको तो स्पर्श, दारू, तर हा सगळा लेख बाजूला ठेवा. भेट थांबवा आणि त्याच दिवशी वकिलाला, कोर्टाला आणि गरज असेल तिथे पोलिसांना कळवा.

जो येतच नाही

ठरलेल्या रविवारी एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी सात वर्षांची, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बाबांना दाखवायचं चित्र. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघी पावणेदोन तास बसल्या. सलग चौथा रविवार. दर वेळी त्याचा मेसेज येई, "निघालोय."

कुठलंही कोर्ट बापाला किंवा आईला मुलाकडे ओढून आणू शकत नाही. भेट हा हक्क म्हणून दिलेला असतो. तो वापरला नाही म्हणून दरखास्त होत नाही. करता येतं ते एवढंच, की वाट पाहण्याला हद्द घालायची. आम्ही कलम बदलून घेतलं: आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत येणार असल्याचं लेखी कळवायचं, न कळवल्यास भेट रद्द, अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाल्यास त्या दिवसाची भेट संपली. आणि बाईंना मी सांगितलं, की तो खाली येऊन उभा राहिल्याशिवाय मुलीला "बाबा येणारेत" म्हणू नका. सॅक भरू नका. त्या म्हणाल्या, "मॅडम, ती स्वतःच भरते. शुक्रवारीच भरते." यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

चकलीवाल्यांचा आदेश बदलून यायला सात महिने लागले. पाच तारखा, एक समुपदेशन, एकदा समोरचे वकील आजारी. आता त्यात वार आहे, वेळ आहे, तळमजला आहे, सम-विषम वर्षाची दिवाळी आहे. पुढच्या तारखेला त्यांनी सवयीनं वही माझ्यासमोर सरकवली. पहिल्या शनिवारची नोंद होती: "१०.०५ ला खाली आली. एकटी. वॉचमन हजर." आणि त्याखाली, मी लिहू नका म्हणून सांगितलेल्या जातीची एक ओळ: "बुटाचा नंबर ३ झालाय. मी १ चे घेऊन गेलो होतो."